पावसात कसारा-इगतपुरी : मालगाड्यांसाठी पूर्ण दिवस. कुठे थांबावं, काय टिपावं?

पंचवटीवाली

नमस्कार मंडळी. ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही सहा जण कसारा घाटाच्या परिसरात दिवसभर फक्त मालगाड्या बघायला जाणार आहोत. चौघं कल्याणकडून येतील, दोघी नाशिकहून. एक्सप्रेससाठी सगळ्यांनी इगतपुरी पाहिली आहे, मालगाडीसाठी मुद्दाम कोणी गेलेलं नाही. प्रश्न असे :

१. कसारा की इगतपुरी? दोन्ही एका दिवसात जमतं का?
२. मालगाडीला वेळापत्रक नाही. मग अंदाज कसा बांधायचा?
३. पाऊस आणि धुक्यात गाडी दोन मिनिटांत निघून जाते. तेवढ्यात नोंद काय करायची? इंजिनं ओळखता येतात, पण वाघिणींच्या, म्हणजे मालाच्या डब्यांच्या, बाबतीत आम्ही कोरे आहोत.
४. कॅमेरा, मोबाइल यांचं काय?
५. एहेगावच्या पुलापर्यंत रुळाकडेने चालत जाता येतं असं एकाचं म्हणणं आहे. खरं का?

---

मागचं_इंजिन

ताई, पाचव्यापासून सुरू करतो, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल. जायचं नाही. रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे झालं कागदावरचं. खरी अडचण घाटाच्या रचनेत आहे. कसारा ते इगतपुरी तीन मार्ग आहेत आणि मधल्या मार्गावर गाडी कुठल्याही बाजूने येऊ शकते. चढणारी गाडी लांबून ऐकू येते, उतरणारी पावसाच्या आवाजात वळण पार करेपर्यंत कळत नाही. कापलेल्या डोंगराच्या भिंतीला टेकून उभं राहावं तर खाली पाण्याने भरलेलं गटार आणि वरून सुटणारे दगड. ज्याने सुचवलं त्याला रेल्वेच्या खिडकीतून पूल दाखवा, दिसतो छान.

आता पहिला प्रश्न. दोन्ही ठिकाणं जमतात, पण दोन्हीकडे बघायचं वेगळं असतं. आणि एक गंमत आधीच डोक्यात पक्की करा : मध्य रेल्वेत मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’. म्हणजे इथे डाउन गाडी घाट चढते आणि अप गाडी उतरते. नोंदवहीत ‘वर’ आणि ‘खाली’ असे शब्द वापरलेत की संध्याकाळी कोणालाच काही कळत नाही. ‘इगतपुरीकडे’ आणि ‘कसाऱ्याकडे’ असंच लिहा.

कसाऱ्याला बघायचं ते बँकर, म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणारी इंजिनं, लागताना. १ : ३७ चा चढ आहे, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर. सगळा घाट इतका तीव्र नाही. सुमारे १५ किमीत जवळजवळ ३०० मीटर चढाई, पण जड गाडीचं गणित सर्वात तीव्र तुकड्यावरच ठरतं. गाडी थांबते, मागून दोन किंवा तीन इंजिनं एकमेकांना जोडलेली येतात आणि गार्डच्या डब्याला टेकतात. कपलर (डबे जोडणारा आकडा) लागला की हवेचे होजपाइप जोडतात, अँगल कॉक (त्यांची तोटी) उघडतात, हवेचा दाब शेवटपर्यंत पोचला का ते बघतात. पुढच्या इंजिनात ब्रेक पाइपचा दाब ५ किलो, गार्डच्या डब्यात जरासा कमी, ४.८ च्या आसपास. मागची इंजिनं ढकलतात, पण ब्रेक पाइपमध्ये हवा ती भरत नाहीत. ब्रेकचा ताबा पुढच्याकडेच राहतो. हे सगळं नीट जमलं तर पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. कुठे रबरी वायसर गळत असला तर फुसफुस ऐकू येते आणि पाऊण तासही जातो. गार्डच्या डब्यावरची ‘शेवटचं वाहन’ ही पाटी बँकरच्या शेपटाला लागली की समजा निघायची वेळ झाली.

निघताना कान गाडीच्या मागच्या टोकाकडे ठेवा. पुढचं इंजिन एक आखूड भोंगा देतं : तयार आहे. मागून तसाच एक आखूड येतो. मग मागची इंजिनं आधी रेटतात आणि कपलरमधली ढिलाई मिटत गेल्याचा खडखडाट मागून पुढे धावत येतो. सपाटीवर हाच आवाज पुढून मागे जातो. चढायला लागल्यावर पुढच्या अर्ध्या गाडीचे कपलर ताणलेले आणि मागच्या अर्ध्याचे दाबलेले असतात. फलाटावरून दोन वाघिणींमधली फट बघत गेलात तर हा बदल कुठे होतो ते डोळ्यांनी दिसतं.

इगतपुरीला बघायचं ते गाडी वर येताना आणि बँकर सुटताना. मुंबईकडच्या टोकाला उभे राहा. धुक्यात आधी आवाज, मग हेडलाइटचा पिवळा ठिपका, मग एकदम संपूर्ण गाडी. सुटलेले बँकर थोड्या वेळाने सुटेच कसाऱ्याकडे उतरतात, ‘लाइट इंजिन’ म्हणून. तेही नोंदवा, कारण त्यांचे नंबर दिवसभर फिरून फिरून येतात आणि कोणती जोडी किती फेऱ्या करते ते कळतं.

सकाळी कसारा, दुपारनंतर इगतपुरी असं ठेवा. कसाऱ्याहून वर जायला शेअर टॅक्सी मिळतात. पावसात महामार्गाच्या घाटात कोंडी होते, म्हणून पाऊण तास धरा. नाशिकच्या दोघी सरळ इगतपुरीला उतरल्या तरी चालेल, पण मग बँकर लागताना बघायचा राहील. फलाट तिकीट १० रुपये आणि वैधता दोन तास. दिवसभर एकाच तिकिटावर बसता येत नाही, मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा.

---

लूपलाइन

दुसऱ्या प्रश्नाचं घेतो.

मालगाडीचं वेळापत्रक आपल्याला मिळत नाही, पण प्रवासी गाड्यांचं मिळतं, आणि मालगाडी त्यांच्या फटीतूनच जाते. आदल्या रात्री त्या दिवशीच्या सगळ्या मेल-एक्सप्रेस कसारा-इगतपुरीला किती वाजता आहेत ते एका कागदावर एकाखाली एक लिहा. जिथे पाऊण तासाहून मोठी फट दिसेल तिथे मालगाडीची शक्यता. सकाळी धावती स्थिती अ‍ॅपवर बघून त्या फटी दुरुस्त करा. एखादी एक्सप्रेस तासभर उशिरा असेल तर तिची जागा बहुतेक मालगाडी घेते. तीन-चार एक्सप्रेस पाठोपाठ असतील तर चहा प्या.

स्टेशनात असताना सिग्नल वाचा. होम सिग्नल (स्टेशनात शिरण्याआधीचा) पिवळा आणि त्यावर पांढऱ्या दिव्यांची तिरकी रांग पेटली की येणारी गाडी बाजूच्या मार्गावर, लूपला, घेतली जातेय. बहुतेकदा ती मालगाडीच, आणि मागे एक्सप्रेस आहे. लूपची प्रमाण लांबी ६८६ मीटर, पूर्ण रेक (वाघिणींची अख्खी माळ) त्यात जेमतेम मावतो. अशी थांबलेली गाडी म्हणजे नंबर लिहायची सुवर्णसंधी. पण फलाटावरूनच. लूपमधली गाडी कधी हलेल सांगता येत नाही आणि दोन वाघिणींमधून पलीकडे जाणारे लोक बघून शहाणपणा शिकू नये.

अपेक्षा मात्र योग्य ठेवा. ‘एकलहऱ्याचा कोळसा बघायचाय’ म्हणून लोक कसाऱ्याला येतात. एकलहऱ्याचं वीजकेंद्र नाशिकजवळ, म्हणजे घाटाच्या वरच, आणि कोळसा पूर्वेकडून येतो; तो घाट उतरायचं कारणच नाही. तसंच मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोचं. मुंबईचं इंधन तिथवर पाइपलाइनने जातं आणि टँकर तिथे भरतात, त्यामुळे ते भरलेले टँकर घाट चढताना दिसणार नाहीत. घाटात जास्त करून कंटेनर दिसतील, त्याखेरीज बंद वाघिणी, पोलाद, मोटारींचे डबे आणि रिकामे रेक.

---

वाघीणमोजणी

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा.

गाडी जवळ येताना एकाने फक्त इंजिन घ्यायचं : नंबर, शेड (ते जिथलं आहे तो डेपो), वर्ग. दुसऱ्याने वाघिणी मोजायच्या. तिसऱ्याने एकाच वाघिणीचा पूर्ण नंबर. चौथ्याने घड्याळ. सगळ्यांनी सगळं करायचं ठरवलंत की चौघांच्या वहीत चार वेगळे आकडे येतात.

वाघिणींची ओळख थोडक्यात. वरून उघडी, उंच भिंतींची : बॉक्सएन, पूर्ण रेक ५८-५९. पत्र्याची बंद, सरकत्या दारांची : बीसीएन वर्ग, यात सिमेंट, धान्य, खत. आडवी टाकी : बीटीपीएन, रेक साधारण ५० चा. तळातून माल सोडणारी, खाली निमुळती : बॉबआरएन. कंटेनरचा बुटका सांगाडा : बीएलसी, पाच-पाचच्या संचात, एकूण ४५. जुन्या प्रवासी डब्यासारखा दिसणारा, खिडक्या बंद केलेला : एनएमजी, आत मोटारी.

भरलेली की रिकामी? बोगीतल्या, म्हणजे चाकांच्या सांगाड्यातल्या, स्प्रिंगांकडे बघा. भरलेलीत वेटोळी जवळजवळ टेकलेली असतात, रिकामीत मधून उजेड दिसतो. धुक्यात ते जमत नसेल तर आवाज : रिकामा बॉक्सएन पत्र्याच्या डब्यासारखा खडखडतो, भरलेला घुमतो.

वेग मोजायला वेगळं यंत्र नको. बॉक्सएनची कपलर ते कपलर लांबी १०.७१३ मीटर. ३.६ ने गुणलं की ३८.६. म्हणजे ३८-३९ सेकंदांत समोरून जितके बॉक्सएन जातील तितका ताशी किमी वेग. बावीस गेले तर २२. बीटीपीएन १२.४२ मीटरची, तिला ४५ सेकंद. बीएलसीच्या संचात दोन लांब आणि तीन आखूड सांगाडे असतात, सरासरी काढली तर ४६ सेकंद. पूर्ण मिनिट थांबावं लागत नाही आणि गाडी सुटून जाण्याआधी हिशेब पुरा होतो.

आता नंबर. वाघिणीवर अकरा आकडे असतात. पहिले दोन प्रकार (१० ते २९ उघड्या, ३० ते ३९ बंद, ४० ते ५४ टाक्या, ५५ ते ६९ सपाट, ७० ते ७९ हॉपर, म्हणजे तळातून माल सोडणाऱ्या), पुढचे दोन मालक रेल्वे (०१ मध्य, ०८ पश्चिम), पुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार आकडे तिचे स्वतःचे आणि शेवटचा पडताळणीचा. हा शेवटचा आकडा पावसाळ्यात सोन्यासारखा.

उदाहरणार्थ २२ ०१ १९ ४२५७ ५. सम जागांवरचे आकडे (दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा) : २+१+९+२+७ = २१. तिप्पट ६३. विषम जागांवरचे पहिले पाच : २+०+१+४+५ = १२. बेरीज ७५. पुढची दहाची पट ८०, फरक ५. तोच अकरावा आकडा. जुळला, म्हणजे नंबर बरोबर वाचला.

जुळला नाही तर आधी ३ आणि ८, १ आणि ७ तपासा. ओल्या रंगावर हेच चुकतात. या पडताळणीत एक भोक आहे : शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली आणि त्यांच्यात नेमका ५ चा फरक असला (२ आणि ७, ४ आणि ९) तर चूक पकडली जात नाही.

---

पंचवटीवाली

कमाल! लगेच वापरून बघतेय. एका जुन्या फोटोत बंद वाघीण आहे, सातवा आकडा चिखलाने झाकलाय : ३० ०८ १४ ?२१६ ८.

---

वाघीणमोजणी

सम : ०+८+४+२+६ = २०, तिप्पट ६०. विषम : ३+०+१+?+१ = ५+?. दोन्ही मिळून ६५+?, त्यात पडताळणीचा ८ मिळवला की ७३+?. दहाने भाग जायला ? = ७. पश्चिम रेल्वेची, २०१४ ची. झाकलेला आकडा सम जागी असता तर तिप्पट लक्षात घ्यावी लागली असती, पण उत्तर तरी एकच येतं. दोन आकडे झाकले असतील तर सोडून द्या, अंदाजाने भरू नका.

---

ओली_लेन्स

चौथ्या प्रश्नावर.

छत्री कॅमेऱ्यासाठी नको, माणसासाठीही नको. एक हात अडकतो, वारा आला की उलटते, आणि वर २५ हजार व्होल्टची तार आहे. जिवंत तारेपासून दोन मीटर अंतर हा नियम. ओली छत्री, सेल्फी काठी, मोनोपॉड यातलं काहीही पादचारी पुलाच्या जाळीतून बाहेर काढू नये. रेनकोट घाला. पिशवीत प्रत्येकी दोन सुती फडकी (एक फक्त लेन्ससाठी), झिपची प्लास्टिक पिशवी, सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या, शिसपेन्सिल. जेल पेनाची शाई पहिल्या थेंबाला पसरते.

लेन्स धुरकटते त्याचं कारण एसी. थंड डब्यातून किंवा गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला की दमट हवेतलं पाणी थंड काचेवर जमतं. बंद पिशवीतच वीस मिनिटं राहू द्या. पुसून उपयोग नाही, पुन्हा येतं.

पावसाच्या धारांवर ऑटोफोकस भरकटतो. समोरचा एखादा तारेचा खांब निवडा (त्यावर किमी आणि क्रमांक लिहिलेला असतो, तोही नोंदवा), त्यावर फोकस करून ठेवा आणि गाडी तिथे आली की टिपा. हेडलाइटमुळे चित्र पांढरं पडतं, म्हणून उजेड दोन-तृतीयांश स्टॉप कमी ठेवा. समोरून येणाऱ्या गाडीला शटरचा वेग १/५०० सेकंद पुरतो. बाजूने नंबर वाचायचा असेल तर हिशेब करा : ताशी २५ किमी म्हणजे सेकंदाला सात मीटर, १/५०० ला आकडा १४ मिलिमीटर सरकतो, १/१००० ला ७. दुसरंच घ्या, आयएसओ १६०० पर्यंत गेला तरी हरकत नाही. दाणेदार आकडा वाचता येतो, पुसट नाही.

मोबाइलचा पडदा ओला झाला की बोट ओळखत नाही. आवाजाच्या बटणाने फोटो निघतो, ती सोय घरीच चालू करून या.

फ्लॅश कधीच नाही. धुक्यात तो फोटोलाही मारतो आणि चालकाच्या डोळ्यांवर जातो. आणि वडापावच्या हाताने लेन्स पुसू नये. हसू नका, तेलाचा डाग पाण्याने जात नाही.

---

कांदाभजी

सगळं वाचलं, एक भर. सहा जणांत एकाला दर तासाला ‘राखणदार’ करा. त्याच्या हातात वही नाही, कॅमेरा नाही. पिवळ्या पट्टीपुढे कोणी गेलं की ओरडायचं एवढंच काम. मालगाडीला ताडपत्रीच्या सुटलेल्या दोऱ्या असतात, कधी पट्टी लोंबते, उघड्या वाघिणीतून खडी उडते. फलाटाच्या टोकाचा उतार शेवाळाने गुळगुळीत असतो, तिथे उभंच राहू नका. ड्रोन घरी ठेवा.

---

पंचवटीवाली

सगळ्यांना धन्यवाद. अजून दोन गोष्टी. पाऊस जास्त तितकी चाकं जास्त घसरणार असं मला वाटायचं, पण कोणीतरी उलट म्हणालं. आणि कसाऱ्याकडे उतरलेल्या गाडीच्या चाकांतून पांढरं काहीतरी निघताना व्हिडिओत दिसतं, ते काय?

---

वाळूची_पेटी

उलट म्हणणारा बरोबर आहे. सर्वात वाईट वेळ म्हणजे रिमझिम, किंवा पहिल्या सरीची पहिली दहा-पंधरा मिनिटं. रुळावर गंजाची धूळ, तेलकट थर, पानांचा चिखल असतो. थोडं पाणी मिळालं की त्याचा लेप होतो. धो धो पाऊस तो लेप धुऊन नेतो. मग रूळ ओलाच असतो, पण घट्ट धरतो.

त्याचं वजन किती ते बघा. १ : ३७ वर दर हजार टनाला सत्तावीस टन मागे ओढ लागते, नुसत्या चढाची. दोन हजार टनांची कंटेनर गाडी म्हणजे चोपन्न टन, घर्षण वेगळं. वॅग-९ या मालगाडीच्या विजेच्या इंजिनाचं वजन १२३ टन. कोरड्या रुळावर पकडीचा गुणक ०.३५ धरला तर त्रेचाळीस टन ओढता येतात. लेप लागलेल्या रुळावर गुणक ०.२ पर्यंत आला की पंचवीसच. मोटरमध्ये दम आहे, चाकाला पकड नाही. म्हणून तेच इंजिन, तोच रेक, आणि एक बँकर जास्त.

घसरणं आधी कानाला कळतं. इंजिनाचा एकसुरी गुणगुणाट एकदम वर चढतो आणि झटक्यात तुटतो. वॅग-९ मध्ये नियंत्रण यंत्रणाच जोर काढून घेते आणि हळूहळू परत देते, त्यामुळे गुणगुण-तूट-गुणगुण असा ठेका ऐकू येतो. वॅग-७ मध्ये ते काम बरंचसं चालकाच्या हातात, आवाज जास्त रांगडा. सोबत चाकापुढच्या नळीतून रुळावर वाळू पडते. ती वाळू कोरडी असेल तरच पडते. पावसाळ्यात पेटीच्या झाकणातून ओल गेली की गोळे होतात आणि नळीचं तोंड बुजतं. इंजिन थांबलेलं असताना चाकांजवळ बघा : दोन्ही रुळांवर वाळूची रेघ आहे की एकाच? एकाच असेल तर दुसरी नळी बंद आहे.

गाडी घाटात अडकलीच तर ज्या मार्गावर ती आहे तो मार्ग काही काळ गेला असं समजा. चार आखूड भोंगे ऐकू आले तर पुढच्या एक्सप्रेसची फार वाट बघू नका : गाडी पुढे जाऊ शकत नाही, गार्डने मागची बाजू सांभाळावी, असा त्याचा अर्थ. इंजिनावरचा पिवळा दिवा उघडझाप करत असेल तर तो शेजारच्या मार्गावरच्या गाडीला धोक्याचा इशारा असतो, शोभेचा नाही.

आता चाकांतून निघणारं पांढरं. ती वाफ. उतारावर ब्रेकचे ठोकळे चाकाला घासत येतात, चाक तापतं, पाऊस पडला की वाफ. सगळ्या चाकांतून सारखी निघत असेल तर ठीक चाललंय. म्हणूनच उतरणाऱ्या गाड्या इगतपुरीला थांबवून ब्रेक तपासतात, आणि घाटात कॅच सायडिंग ठेवली आहे : सांधा (गाडीचा मार्ग बदलणारे रूळ) मुळात त्या सायडिंगकडेच लावलेला असतो, गाडीने थांबून ताब्यात असल्याचं दाखवलं की मगच तो मुख्य मार्गाला फिरतो. ताबा सुटलेली गाडी सायडिंगच्या चढावर जाऊन थांबते. उतरताना तीन आखूड भोंगे म्हणजे नेमकं तेच : गाडी आवरत नाही, गार्डने ब्रेक लावावा.

काळजी करायची ती एकट्या चाकाची. बाकी सगळी थंड आणि एकाच चाकातून निळसर धूर, करपट वास : त्या वाघिणीचा ब्रेक सुटलेला नाही. धूर चाकाच्या कडेतून न येता आसाच्या टोकाच्या पेटीतून येत असेल, जळक्या ग्रीसचा वास असेल, तर बेअरिंग तापलंय, आणि ते जास्त गंभीर. फोटो नंतर. लगेच स्टेशन मास्तरांना सांगा, जवळ कोणी नसेल तर १३९ वर. सांगताना ‘मधली कुठली तरी’ म्हणू नका. गार्डच्या डब्यापासून मोजून कितवी वाघीण आणि गाडीच्या दिशेने तोंड केलं तर डावीकडे की उजवीकडे, एवढं पुरतं. नंबर मिळाला तर उत्तम.

---

पंचवटीवाली

हे छापून प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेतेय. राखणदाराचा पहिला तास एहेगाववाल्याला दिलाय.

---

लूपलाइन

तारीख ठरली की त्या आठवड्यातला मेगाब्लॉक तपासा. बहुतेक रविवारी असतो. ब्लॉकच्या आधीचा आणि नंतरचा तास मालगाड्यांसाठी सर्वात भरलेला असतो, मधल्या वेळात टॅक्सीने वर जा.